जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवरचे फोटो : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण सिद्धेश्वर तलावाच्या काठी जमतो. महिनाभरात रोलवर काढलेले फोटो आणायचे, कॉपी काढली असेल तर कॉपी, नाहीतर नुसतं निगेटिव्ह. एकमेकांचे बघायचे आणि ज्यांना येणं जमत नाही त्यांना मोबाईलवर पाठवायचे. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. कोणता कॅमेरा चालतो? भारीतलाच हवा का?

ज्यात रोल भरावा लागतो तो प्रत्येक कॅमेरा चालतो. आमच्यात पेंटॅक्स के१००० आहे, निकॉन एफएम२ आहे, रशियन झेनिट आहे, वरून खाली बघायची याशिका मॅट आहे. त्यांच्याच शेजारी नव्वदीच्या शेवटी सहलीला नेला जायचा तो कोडॅक केबी१० सुद्धा आहे, आणि त्याने काढलेला एक फोटो आमच्यातल्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी आहे. मोबाईलवर काढून वर जुन्या रोलसारखा रंग चढवलेला फोटो मात्र आम्ही घेत नाही. तो वाईट असतो असं नाही, पण त्याला निगेटिव्ह नसतं, आणि आमचा सगळा जीव निगेटिव्हमध्ये आहे.

२. वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कपाटात पडून आहे. त्याचा रोल आता मिळतो का?

मिळतो. त्याला १२० चा रोल लागतो आणि तो आजही तयार होतो. एका रोलवर १२ चौकोनी फोटो बसतात. पूर्वी त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल घालायचे. तो आता बंद झाला, पण इलफर्ड, कोडॅक, फोमा यांचे १२० रोल ऑनलाइन मागवता येतात. या कॅमेऱ्यात १०० आयएसओचाच रोल घाला. (आयएसओ म्हणजे रोल उजेड किती पटकन टिपतो त्याचा आकडा. आकडा मोठा, तेवढा कमी उजेडात चालतो.)

दोन गोष्टी सांभाळा. पाठीमागच्या लाल काचेतून आकडा बघत रोल सरकवायचा असतो, पण आताचे रोल लाल उजेडही टिपतात. म्हणून त्या काचेवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल सरकवतानाच, तेही सावलीत, ती उचला. आणि फोटो काढला की लगेच रोल पुढे सरकवायची सवय लावा, नाहीतर एकाच जागी दोन फोटो बसतात. आठ-दहा फुटांपेक्षा जवळ जाऊ नका, चेहरा धूसर येतो.

३. पहिला रोल कोणता घेऊ?

३५ मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर ३६ फोटोंचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्या. उन्हात फिरणार असाल तर १०० किंवा १२५ आयएसओ, घरात किंवा संध्याकाळी काढणार असाल तर ४००. ब्लॅक अँड व्हाइट अशासाठी की तो घरी धुता येतो (प्रश्न ६) आणि चुका पोटात घालतो. रंगीत हवाच असेल तर कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २०० घ्या.

४. कॅमेऱ्याचा मीटर मेलाय. सोलापूरच्या उन्हात उजेडाचा अंदाज कसा घ्यायचा?

मीटर नसला तरी आपलं काही अडत नाही, कारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपल्याकडे आभाळ बहुतेक निरभ्र असतं. नियम सोपा आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/१६ ठेवायचं (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान) आणि शटर स्पीड रोलच्या आयएसओच्या जवळचा. १०० चा रोल असेल तर १/१२५ सेकंद, ४०० चा असेल तर १/५००. पांढुरका, सावल्या पुसट करणारा उजेड असेल तर एफ/११ किंवा ८. भुईकोट किल्ल्याच्या तटाखालच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा ४.

यावरूनच लक्षात येईल की झेनिट-ईसारख्या १/५०० पर्यंतच जाणाऱ्या कॅमेऱ्यात उन्हाळ्यात ४०० चा रोल घातला तर हात बांधले जातात. एफ/१६ सोडून दुसरं काही उरत नाही आणि मागचं धूसर करून चेहरा उठवायचा मार्गच बंद होतो. एप्रिल-मेमध्ये १०० चाच रोल घाला. दुपारी बारा ते चार कॅमेरा घरी राहिला तरी चालेल. त्या वेळी डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात, मग मीटर चांगला असो की बंद.

५. उन्हाळ्यात रोल खराब होतो का?

होतो. गाडीच्या डिकीत मे महिन्यात तासभर राहिलेला रोल मी धुतलाय. रंग विटतात, काळ्याचा काळेपणा जातो. न वापरलेला रोल हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी तास-दीड तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर डबी उघडताच थंड फिल्मवर बाष्प धरतं. काढून झालेला रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात ठेवू नका.

६. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. अशात घरी रोल धुणं परवडतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर ऐकून लोकांना खरं वाटत नाही. ३५ मिलिमीटरचा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल साधारण दोन लिटर पाण्यात धुऊन होतो. म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्या.

हिशेब असा. रोल धुवायच्या छोट्या उजेडबंद टाकीत, एका रोलची असेल तर, साधारण ३०० मिलिलिटर मावतं. एकदा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), एकदा मधलं साधं पाणी, एकदा हायपो (चित्र पक्कं करणारं). राहिलं शेवटचं धुणं, आणि तिथेच लोक नळाखाली अर्धा तास टाकी धरतात. त्याची गरज नाही. इलफर्ड कंपनीनेच सांगितलेली पद्धत आहे: टाकी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा करा, ओता. पुन्हा भरा, वीस वेळा करा, ओता. झालं. हायपो तेवढा फिल्म कडक करणारा नसावा. त्यानंतर मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरची एक अंघोळ घाला. ती चुकवू नका, कारण आपलं पाणी जड आहे आणि थेंब वाळला की निगेटिव्हवर पांढरा डाग कायमचा बसतो.

खरी अडचण पाण्याच्या उष्णतेची आहे. डेव्हलपरच्या पुड्यावर २० अंशांची वेळ लिहिलेली असते आणि मेमध्ये आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. मी माठातलं पाणी घेतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ चांगला गार होतो. तरीही थर्मामीटर बुडवल्याशिवाय पुढे जात नाही. पाणी २३ अंशांचं निघालं तर वेळ पाऊण करायची: २० अंशांना ८ मिनिटं लागत असतील तर २३ ला ६ मिनिटं. इलफर्डचा एचपी५ प्लस रोल आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटं धुतात, तो २३ अंशांना पावणेदहा मिनिटांत होतो. वेळ पाच मिनिटांच्या खाली येऊ देऊ नका, फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही आणि पट्टे पडतात. पाणी फारच गरम असेल तर बाटल्या बर्फाच्या परातीत उभ्या करा, पण बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. आणि सगळी पाणी, शेवटचं धुणंसुद्धा, एकाच उष्णतेची ठेवा. गरम डेव्हलपरमधून एकदम गार पाण्यात गेलेली फिल्म सुरकुतते आणि ते जाळं पुसता येत नाही.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि महिन्याच्या रविवारी घेऊन या, आम्ही एकत्र करून चांदी काढणाऱ्यांकडे देतो.

७. अंधारी खोली नाही. चादर पांघरून रोल टाकीत भरता येईल का?

नाही. सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी तिच्या विणीतून उजेड येतो. डोळ्यांना कळत नाही, फिल्मला कळतो. चेंजिंग बॅग, म्हणजे आत हात घालून रोल भरायची उजेडबंद पिशवी, घ्या, एकदाच खर्च होतो. तोपर्यंत अमावास्येच्या आसपास, रात्री, दाराच्या फटीला टॉवेल लावून बिनखिडकीच्या न्हाणीघरात भरा. आत पाच मिनिटं नुसते उभे राहा. तेवढ्या वेळाने समोर धरलेला हात दिसायला लागला तर ती खोली चालणार नाही. आणि आधी एखादा खराब रोल घेऊन डोळे मिटून दहा वेळा सराव करा.

८. वाळवलेल्या निगेटिव्हवर बारीक केसांसारख्या रेघा दिसतात. त्या कशाच्या?

पूर्व भागात राहत असाल तर बहुतेक कापसाच्या तंतूंच्या. शेजारी माग चालू असतील तर हे तंतू हवेत तरंगतच असतात आणि ओल्या फिल्मला चिकटतात. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ओतून वाफ खाली बसू द्या, मग दार लावून तिथेच फिल्म टांगा. पंखा बंद. खाली कपड्याचा चिमटा लावला की फिल्म गुंडाळत नाही. रेघा फिल्मच्या लांबीला समांतर आणि सरळ असतील तर मात्र तो ओरखडा आहे, कॅमेऱ्याच्या मागच्या पट्टीवर कचरा बसलाय.

९. फोटो पाठवायचा तर स्कॅनर घ्यावा लागेल का? मोबाईल चालेल?

दाखवण्यापुरता मोबाईल चालतो. टॅबलेटवर पूर्ण पांढरा पडदा लावा, निगेटिव्ह त्यापासून बोटभर उंच धरा, म्हणजे पडद्याचे ठिपके उमटणार नाहीत. कडेने काळा कागद लावा, खोलीतला दिवा बंद करा, मोबाईल सरळ वरून धरा आणि नंतर अ‍ॅपमध्ये रंग उलटे करा. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक नीट जात नाही, त्यासाठी स्कॅनर बरा. २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) ३५ मिलिमीटरच्या फोटोची लांब बाजू साधारण ३४०० पिक्सेलची होते आणि १२० च्या चौकोनी फोटोची ५२०० च्या पुढे जाते. तेवढं पुष्कळ झालं.

१०. फोटो डावा-उजवा उलटा पडला का, हे कसं ओळखायचं?

फिल्मच्या कडेला छापलेलं नाव आणि आकडे वाचता आले पाहिजेत. ते सरळ दिसतात तेव्हा फिल्मची चकचकीत बाजू तुमच्याकडे असते आणि मंद बाजू पलीकडे. कडा कापल्या गेल्या असतील तर दुकानांच्या पाट्या बघा. आपल्याकडे मराठी नसेल तर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू पाटी कुठे ना कुठे असतेच. पाटीच नसेल तर बायकांचा पदर डाव्या खांद्यावर आहे का पाहा. गुजराती घरातला फोटो असेल तर ही खूण फसवते, मग पुरुषांच्या शर्टाची बटणं बघा. ती घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात.

११. फोटो कितपत सुधारलेला चालतो?

धूळ काढा, थोडा कातरा, उजेड कमी-जास्त करा. अंधाऱ्या खोलीत कागदावर कॉपी काढताना जे करता आलं असतं ते सगळं चालतं. माणूस पुसणं, आभाळ बदलणं, ब्लॅक अँड व्हाइटला यंत्राने रंग भरणं चालत नाही. जुन्या घरगुती फोटोंच्या बाबतीत मी याबद्दल फार आग्रही आहे. आजीच्या लुगड्याचा रंग यंत्राला माहीत नसतो, आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटतो.

१२. फोटोसोबत काय काय लिहून द्यायचं?

कॅमेरा, रोल, कधी, कुठे, आणि फोटोत कोण. एफचा आकडा आठवत असेल तर लिहा, नसेल तर राहू द्या. लोक नेमकं उलटं करतात. लेन्सचं नाव पूर्ण लिहितात आणि ‘सोलापूरची एक गल्ली’ म्हणून मोकळे होतात. कोणती गल्ली? १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या मागची की कन्ना चौकातली? मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्या ट्रंकांमधल्या फोटोंवर नावं नसतील तर वीस वर्षांनी ते कुणाचेच फोटो राहणार नाहीत.

तारीख माहीत नसेल तर फोटोतल्या खुणांवरून अंदाज बांधता येतो. मागे सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी दिसत असेल तर फोटो जून २०२३ च्या आधीचा, कारण तेव्हा ती पाडली. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द लिहा. कॉपीच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उठतो. मऊ पेन्सिल वापरा.

१३. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेल्यांचे फोटो दर वेळी काळपट का येतात?

मीटरमुळे. मीटरला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं वाटतं. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेल्या शेकडो लोकांवर कॅमेरा रोखला की तो पांढऱ्यालाही करडं करायला जातो आणि उजेड कमी करतो. कपडे मळकट दिसतात आणि चेहरे काळवंडतात. उपाय म्हणजे मीटर सांगेल त्याच्यापेक्षा एक ते दीड घर जास्त उजेड द्यायचा (एक घर म्हणजे दुप्पट उजेड). मीटर १/५०० म्हणत असेल तर १/२५० ठेवा. त्याहून भरवशाची युक्ती हाताच्या तळव्याची आहे. त्याच उन्हात तळवा धरा, कॅमेऱ्यात फक्त तळवा दिसेल असं मोजा आणि एक घर उघडा. मग समोर पांढरे कपडे असोत की काळं घोंगडं, आकडा बदलायची गरज नाही.

नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, वर बघून काढताना हीच चूक दुपटीने होते, कारण मागे उजळ आभाळ असतं. मी आता ध्वजाच्या टोकाकडे कमी बघतो. काठी पेलणाऱ्याच्या मानेच्या ताणलेल्या शिरा, कपाळावरचा घाम, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणताना अर्धवट उघडलेलं तोंड, हे सगळं दहा फुटांवर असतं आणि त्याला १/२५० पुरतो.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला मीटर लावूच नका. १०० चा रोल, एफ/११, कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), शटर ‘बी’ वर (दाबून धराल तोवर उघडं राहतं), आणि बाण वर निघाला की उघडून विझला की बंद करायचं.

१४. मागावर काम करणाऱ्यांचे फोटो काढायचे तर विचारावं लागतं का?

विचारा. कारखान्याच्या मालकाला आणि काम करणाऱ्यालाही, दोघांना वेगवेगळं. मालकाने हो म्हटलं म्हणजे विणकराने हो म्हटलं असं होत नाही. आणि पुढच्या वेळी जाताना त्यांच्यासाठी एक कॉपी न्या. आत ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० च्या रोलवर १/३० आणि एफ/२.८ च्या आसपास बसतं. मागाचा हात हलका पुसट येतो, विणकर स्थिर येतो. तो पुसटपणा मला आवडतो.

१५. मीटरची जुनी बॅटरी मिळत नाही. नवी घातली तर मीटर चुकतो.

जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. त्या बंद झाल्या. तशाच आकाराची अल्कलाइन बॅटरी १.५ व्होल्टची असते आणि ती उतरतानाही सारखी बदलत राहते. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, तिला कडेने रबराची कडी घालून बसवा. ती लवकर संपते, पण असेपर्यंत खरं बोलते. याशिका इलेक्ट्रो ३५ ला बॅटरी नसेल तर तो प्रत्येक फोटो १/५०० नेच काढतो, म्हणून घरातले फोटो काळे येतात. पेंटॅक्स के१००० आणि निकॉन एफएम२ बॅटरीशिवायही सगळ्या स्पीडना चालतात. त्यांना प्रश्न ४ पुरेसा आहे.

१६. आजोबांच्या कॅमेऱ्यात अर्धवट रोल सापडलाय. काय करू?

मागचं झाकण उघडू नका. ३५ मिलिमीटरचा असेल तर खालचं बटण दाबून पूर्ण गुंडाळून घ्या, १२० चा असेल तर उरलेला शेवटपर्यंत पुढे सरकवा. गुंडाळताना अडकला तर जोर न लावता चेंजिंग बॅगेत काढायचा. मग रोलवरचं नाव बघा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर चित्र निघायची बरीच आशा असते. जुन्या रंगीत रोलचे रंग बहुधा गेलेले असतात, म्हणून तो ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये धुणं बरं. कोडॅक्रोम निघाला तर दुसरा पर्यायच नाही, त्याचं रंगीत धुणं २०१० च्या अखेरीस जगभर थांबलं. असा रोल घरी पहिल्यांदाच धुणाऱ्याने हातात घेऊ नये. आमच्याकडे आणा.

१७. लग्नाचे जुने फोटो स्टुडिओवाल्यांनी काढलेत. ते आम्ही इतरांना दाखवू शकतो का?

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे आहे. म्हणजे तुमच्या घरच्या लग्नाचे फोटो तुम्ही दाखवू शकता. तरी स्टुडिओचं नाव लिहा, त्या माणसाच्या हाताचं काम आहे ते. स्टुडिओ बंद होताना तुम्हाला मिळालेली इतरांची निगेटिव्ह मात्र वेगळी गोष्ट आहे. ती त्या त्या घरांची आहेत, आधी त्यांना शोधा.

१८. लॅब स्कॅन पाठवते, निगेटिव्ह मागितलं तर ‘कशाला हवं?’ म्हणते. आग्रह धरावा का?

रोल देतानाच पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा: निगेटिव्ह परत हवं. एका लॅबकडून माझे चार रोल स्कॅन होऊन आले आणि निगेटिव्ह टाकून दिल्याचं महिन्याभराने कळलं. त्यात माझ्या मावशीचा शेवटचा फोटो होता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसलेली. माझ्याकडे त्याचं मोबाईलवर पाठवण्याएवढं स्कॅन आहे. भिंतीवर लावण्याएवढी कॉपी आता कधीच निघणार नाही.

१९. घर आवरताना डबाभर निगेटिव्ह निघालीत. घरात कुणालाच नकोत. टाकून देऊ का?

नका टाकू. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा पायाच सडायला लागलाय. तो गठ्ठा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, कारण एकाची लागण दुसऱ्याला होते, आणि स्कॅनसाठी त्याचा नंबर पहिला लावा. बाकीची प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्यांमधून काढून बटर पेपरच्या पाकिटांत घाला, पाकिटावर पेन्सिलीने घराचं नाव आणि जमेल तसं साल लिहा. लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवा, माळ्यावर नको, तिथे मेमध्ये भट्टी असते. जागा नसेल तर रविवारी डबा घेऊन या. उजेडाची पेटी आमच्याकडे आहे. सोबत घरातलं एखादं मोठं माणूस आणलंत तर फार बरं, नावं त्यांनाच माहीत असतात.